कॉलेजात मैदान गाजवलं, पण नाव झालं भलत्याच क्षेत्रात – अशी माणसं सांगा

आत्याबाई_गोडोली:
नमस्कार मंडळी. माझा भाचा एस. वाय. बी.एस्सी.ला आहे साताऱ्यातच, आणि कॉलेजच्या कबड्डी संघात आहे. उजव्या कोपऱ्यात खेळतो. यंदा झोनलला, म्हणजे विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेला, निवड झाली तर घरात आनंद सोडाच, भावानं म्हणजे त्याच्या वडिलांनी बूटच माळ्यावर टाकले. म्हणे केमिस्ट्रीत बॅकलॉग आहे आणि हा मातीत लोळतोय, खेळून कुणाचं पोट भरलंय. पोरगं माझ्याकडे येऊन बसलं, दोन तास एक शब्द बोललं नाही, नुसता पितळीतला चहा ढवळत होता.

मला भावाशी बोलायचंय पण त्याआधी हाताशी काहीतरी पाहिजे. म्हणून विचारते, कॉलेजात सिरियसली खेळले आणि पुढे खेळ सोडून दुसऱ्याच कामात नाव केलं अशी माणसं सांगा. सचिन, धोनी नकोत, ते खेळातलेच. आणि दुसरा प्रश्न, त्या खेळाचा त्यांना पुढं उपयोग झाला का, की ती माणसं नाहीतरी मोठी झालीच असती?

अजिंक्यतारा७२:
ताई, साताऱ्यात राहून हे विचारताय? डॉ. नरेंद्र दाभोलकर.

यवतेश्वरचा_वारा:
+१. मी हेच टाईप करत होतो.

मिरज_जंक्शन:
दाभोलकरांचं जरा सविस्तर लिहितो कारण हल्लीच्या पोरांना ते फक्त अंनिसवाले म्हणून माहीत आहेत. जन्म साताऱ्याचा, १९४५. शाळा न्यू इंग्लिश स्कूल, मग सांगलीचं विलिंग्डन कॉलेज आणि एमबीबीएस आमच्या मिरजेच्या शासकीय मेडिकलला. शिवाजी विद्यापीठाच्या कबड्डी संघाचे ते कॅप्टन होते. विद्यापीठ स्थापन झालं १९६२ ला, म्हणजे अगदी सुरुवातीच्या काळातले. बांगलादेशविरुद्ध भारताकडून खेळले, कबड्डीसाठी राज्य सरकारचा शिवछत्रपती पुरस्कारही मिळाला. पुढे बारा-एक वर्षं डॉक्टरकी केली, १९८९ ला महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली, १९९८ पासून साधना साप्ताहिक सांभाळलं आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडत होते, तो वटहुकूम त्यांच्या जाण्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला.

तेव्हा तुमच्या भावाला एवढंच विचारा, मेडिकलचा अभ्यास जास्त का बी.एस्सी. केमिस्ट्रीचा?

कृष्णाकाठ:
माफ करा पण मला हे पटत नाही. दाभोलकर लाखात एक माणूस. असली एक-दोन नावं सांगून पोरांना चढवायचं आणि पुढं काय?

मीपण खेळलोय. इस्लामपूर भागात कबड्डी म्हणजे काय असतंय ते तिकडच्या लोकांना सांगायला नको. तीन वर्षं कॉलेजच्या संघात होतो, दोनदा इंटरझोनल. टी. वाय.ला उपांत्य सामन्यात डाव्या गुडघ्यावर दोघं पडले, लिगामेंट गेलं. ऑपरेशनचा खर्च वडिलांनी म्हैस विकून केला. कॉलेजनं फॉर्म भरून घेतला, विम्याचं बघतो म्हटले, अजून बघत्यात. मी आज पतसंस्थेत आहे, बरं चाललंय, तक्रार नाही, पण संडासला बसताना रोज ती मॅच आठवते. तुमच्या भावाला काळजी वाटते त्यात चूक काय आहे सांगा. यशस्वी झालेल्यांची नावं सगळ्यांना पाठ, बाकीच्यांची कोण लिहून ठेवतं?

आत्याबाई_गोडोली:
कृष्णाकाठ दादा, वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं मी भावाला पण वाचून दाखवणार आहे, लपवणार नाही.

आमराई_टू_ॲनआर्बर:
मी मूळचा सांगलीचा, वालचंदचा, गेली काही वर्षं मिशिगनमध्ये ॲन आर्बरला. इथं कॉलेजचा खेळ हा वेगळाच प्रकार आहे. विद्यापीठाच्या फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल, बॉल हातात घेऊन पळायचा) स्टेडियमची क्षमता एक लाख सात हजारांच्या वर आहे, कॉलेजच्या मॅचसाठी! शनिवारी मॅच असली की आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही.

तर या मिशिगनच्या संघात जेराल्ड फोर्ड नावाचा सेंटर होता. सेंटर म्हणजे जो वाकून दोन पायांमधून बॉल मागं देतो आणि मग समोरच्या धिप्पाड गड्यांच्या धडका खातो, पेपरात नाव येत नाही अशी जागा. १९३२ आणि १९३३ ला मिशिगन राष्ट्रीय विजेता होता आणि १९३४ ला असं कोसळलं की आठपैकी एकच मॅच जिंकली. त्या पडत्या वर्षात संघानं फोर्डलाच सर्वात मोलाचा खेळाडू निवडलं. मला हे फार आवडतं. डेट्रॉइट लायन्स आणि ग्रीन बे पॅकर्स या दोन व्यावसायिक संघांनी बोलावलं होतं, हा गेला नाही. येलमध्ये कोचिंगची नोकरी धरली आणि ती करता करता तिथंच कायदा शिकला. १९७४ ला निक्सन राजीनामा देऊन गेल्यावर अमेरिकेचा अध्यक्ष झाला. त्याच्या जर्सीचा ४८ नंबर इथं आता कुणाला देत नाहीत.

दुसरा बायरन व्हाइट. कोलोरॅडो विद्यापीठाचा फुटबॉलपटू, १९३८ ला व्यावसायिक लीगमध्ये गेला आणि पहिल्याच वर्षी बॉल घेऊन सर्वात जास्त अंतर पळणारा ठरला, मग शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला. केनेडींनी १९६२ ला सुप्रीम कोर्टात नेमलं ते १९९३ पर्यंत न्यायाधीश.

आणि पोरांना पटणारं नाव पाहिजे तर सिनेमातला द रॉक. ड्वेन जॉन्सन मायामी विद्यापीठाच्या १९९१ च्या विजेत्या संघात होता. पुढं कॅनडातल्या कॅलगरीच्या संघानं १९९५ ला काढून टाकलं तेव्हा खिशात सात डॉलर होते असं तो स्वतः सांगतो, आणि त्याच्या कंपनीचं नावच सेव्हन बक्स, म्हणजे सात डॉलर, आहे.

पोवईनाका_पार्सल:
फोर्डचं वाचून आमच्या मंडळाच्या संघातला डावा मध्यरक्षक आठवला, अख्ख्या स्पर्धेत एक गुण नाही पण तो नसला की सगळे गुण समोरच्याचे. आता तो साताऱ्यात पेढ्यांच्या दुकानात हिशेब बघतो आणि तिथंपण तोच प्रकार, तो रजेवर गेला की दुकान बंद ठेवतात.

खो_खो_वाली:
सगळे पुरुषच सांगणार आहात का?

किरण बेदी. टेनिस खेळायच्या, १९६६ ला ज्युनियर राष्ट्रीय विजेतेपद आणि १९७२ ला आशियाई विजेतेपद. त्याच १९७२ ला पोलीस सेवेत, देशातल्या पहिल्या महिला आयपीएस. सॅली राइड, अमेरिकेची अंतराळात गेलेली पहिली बाई, १९८३. तीपण टेनिसपटू, टेनिसमध्ये करिअर करायचं म्हणून पहिलं कॉलेज सोडलं होतं, मग स्टॅनफर्डला फिजिक्स.

माझं स्वतःचं सांगते. मी सांगलीत खो-खो खेळले, कॉलेजची तीन वर्षं. सकाळी साडेपाचला मैदानावर, वडील सायकलनं सोडायला यायचे आणि कंपाउंडच्या बाहेर उभे राहायचे, कारण आत आले तर लोक काय म्हणतील. तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या कॅम्पला निवड झाली आणि नेमकं तेव्हाच स्थळ आलं. कॅम्पला गेले नाही. आज माझी रोपवाटिका आहे, ऊस आणि भाजीपाल्याची रोपं, अकरा बायका कामाला. फेमस वगैरे नाही पण सकाळी साडेपाचला उठायला मला अलार्म लागत नाही, आणि ऐन सीझनला ट्रे कमी पडले, पाऊस आला, गाडी फसली तर मी घाबरत नाही, कुठली पाटी मोकळी आहे ते आधी बघते. दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हो आहे. आणि कॅम्पला गेले नाही याचं दुःख अजून आहे, तेपण लिहून ठेवते.

मिरज_जंक्शन:
खो_खो_वाली ताई, जबरदस्त लिहिलंय.

चहा_नंतर:
आर. माधवन! कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा. एनसीसीत महाराष्ट्रातल्या अव्वल कॅडेटमध्ये होता, इंग्लंडला ब्रिटिश लष्कराबरोबर ट्रेनिंग करून आला. आणि हर्षा भोगले, उस्मानिया विद्यापीठाकडून क्रिकेट खेळलेत, विद्यापीठांच्या रोहिंटन बारिया स्पर्धेत.

अजिंक्यतारा७२:
एनसीसी खेळ नाही आणि हर्षा भोगले खेळाच्या बाहेर गेलेच नाहीत. दोन्ही बाद.

चहा_नंतर:
कॉमेंट्री हा खेळ आहे का? माईकवर बोलून कुणाला घाम येतो? केमिकल इंजिनियर, आयआयएम अहमदाबाद, मग बोलण्यात नाव. ताईंनी खेळाडू म्हणून नाव झालेले नकोत म्हटलंय, भोगले खेळाडू म्हणून कुठं प्रसिद्ध आहेत?

अजिंक्यतारा७२:
बरं भोगले अर्धे धरू. माधवन नाही म्हणजे नाही. एनसीसीत मीपण होतो, पहाटेची परेड झाली की मिळणाऱ्या नाश्त्यासाठी जायचो.

पोवईनाका_पार्सल:
मिलिंद सोमण चालतील का? राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू, मग मॉडेलिंग. आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर २०१५ ला झुरिकला आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ) केली. आमच्या हिल मॅरेथॉनच्या आधी यवतेश्वरच्या घाटात जे धापा टाकत असतात त्यातल्या निम्म्यांचा देव तोच आहे.

गोळेश्वर_कराड:
उलटं उदाहरण देतो. आमचे पैलवान खाशाबा जाधव. कराडच्या टिळक हायस्कूलचे आणि मग राजाराम कॉलेजचे. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. आणि १९५५ ला काय, तर पोलिसात सब-इन्स्पेक्टर. पुढं नोकरीभर खात्यात. म्हणजे नाव खेळातच झालं पण चूल पोलीस खात्यानं पेटवली. हे लिहितोय कारण खेळाडूचं दुसरं काम ही काय फक्त प्रसिद्ध माणसांची गोष्ट नाही, आपल्याकडं ती गरज आहे. पदकवाल्यालापण नोकरी बघावी लागली, तर झोनलवाल्यानं केमिस्ट्री सोडून चालणार नाही. पण कबड्डी सोडून काय मिळणार तेपण भावानं सांगावं.

शिट्टीवाले_सर:
मी तीस वर्षं कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होतो, आता रिटायर. धागा सकाळपासून वाचतोय.

आत्याबाई, तुमचा भाचा कोपऱ्यात खेळतो म्हणालात. कोपऱ्यातल्या गड्याचं काम काय असतं ते सांगतो, कारण टीव्हीवर सगळ्यांना चढाईवालाच दिसतो. समोरून चढाई येते, त्याच्याकडं तीस सेकंद आणि एक दम. तो उजवीकडं झुकतो, पायानं हूल देतो, सगळी फळी हलते. कोपऱ्यातल्यानं हलायचं नाही. त्याचा पाय बोनस रेषेवर कधी पडतो, टाच उचललेली आहे का टेकलेली, एवढंच बघत वाकून थांबायचं. लवकर झेप घेतली तर गुण गेला, उशीर झाला तरी गेला. आणि चूक झाली की दोन्ही बाजूचे सहकारी उघडे पडतात, म्हणजे शिक्षा आपल्याला एकट्याला होत नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला ही गोष्ट कुठल्या वर्गात शिकवता येते? मी प्रयत्न केलाय, नाही येत. एका पोराला तर मी सहा महिने फक्त थांबायला शिकवत होतो, दुसरं काही नाही.

दाभोलकरांच्या कामात कबड्डी किती होती हे मी सांगू शकत नाही, तसं सांगणं बरोबरही नाही. पण गावोगाव विरोधात बसलेल्या गर्दीसमोर उभं राहून, आवाज न चढवता, समोरच्याला पूर्ण बोलू देऊन मग मुद्दा मांडणं, ते वर्षानुवर्षं करत राहणं, हे बघितलं की मला मैदानावरचा माणूस दिसतो. हे माझं मत झालं.

आता कृष्णाकाठ यांना. तुम्ही म्हणालात बाकीच्यांची नावं कोण लिहून ठेवतं. माझ्याकडं वही आहे. प्रत्येक वर्षाचा संघ, सात आणि पाच राखीव. एका वर्षाची सात सांगतो, नावं नाही सांगत. एक फौजदार. एक वीज मंडळात वायरमन. एकाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, वाठारकडं. एक हायस्कूलला शिक्षक आणि त्याच्या शाळेचा मुलींचा संघ तालुक्यात पहिला येतो. एक मुंबईत माथाडी. एक दारूनं गेला, चाळिशीच्या आत, त्याच्या अंत्यविधीला बाकी सहाही आले होते. सातवा नगरसेवक झाला. फेमस म्हणाल तर तोच, आणि खरं सांगतो, सातांत त्याला सर्वात कमी कबड्डी येत होती.

गुडघ्याचं तुम्ही लिहिलंत ते माझ्या मनाला लागलं. आमच्या पिढीनं पोरांकडून वॉर्मअपपण नीट करून घेतला नाही, सरळ मातीत उतरवलं. ती आमची चूक होती.

कृष्णाकाठ:
सर, नमस्कार. वही ठेवलीत हे वाचून बरं वाटलं. आमच्या संघाची कुणी ठेवली नसंल.

खेळू नको असं मी म्हणत नाहीये, नीट वाचा. खेळायचं तर डोळे उघडे ठेवून. आत्याबाई, चार गोष्टी आत्ताच करून घ्या. झोनलच्या तारखा आणि प्रॅक्टिकलच्या तारखा कॅलेंडरवर एकत्र मांडा. प्रॅक्टिकल बुडणार असंल तर विभागप्रमुखाला आधी लेखी अर्ज, सोबत संघनिवडीचं पत्र, आणि पोच सही घ्या, तोंडी हो म्हटलेलं नंतर कुणाला आठवत नाही. प्रमाणपत्र मिळालं की त्याच आठवड्यात लॅमिनेट न करता फाईलला लावा, लॅमिनेशन केलेल्यावर पडताळणीला कटकट होते. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे पण कुठल्या पातळीची स्पर्धा आणि कितवा क्रमांक चालतो ते शासन निर्णयात बघा आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून वेळेत करून घ्या, भरतीची जाहिरात आल्यावर पळापळ करून काही होत नाही. आणि नी कॅप साधी घेऊ नका.

माझ्या गुडघ्याच्या निमित्तानं एवढं शिकलो.

आत्याबाई_गोडोली:
हे सगळं मी कागदावर उतरवून घेतलं. वही आणि पोच, दोन्ही.

लेट_लतीफ_वाई:
उशिरा आलो, पण मूळ प्रश्नाला दोन नावं राहिलीत. जयपाल सिंग मुंडा. ऑक्सफर्डच्या हॉकी संघात होते, १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकला भारताचे कॅप्टन, त्या स्पर्धेत आपल्यावर एकही गोल झाला नाही. आयसीएसचं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सनदी सेवेचं, प्रशिक्षण चालू होतं, हॉकीसाठी रजा मिळेना तेव्हा त्यांनी हॉकी निवडली. लोकांना वाटलं असणार आयुष्य वाया घालवलं. पुढे हाच माणूस संविधान सभेत आदिवासींच्या वतीनं उभा राहिला आणि झारखंडची मागणी लावून धरली.

आणि डॉ. तालिमेरेन आओ. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला भारतीय फुटबॉल संघाचे कॅप्टन, तेव्हा कलकत्त्यात मेडिकल करत होते. शिकून नागालँडला परत गेले आणि डॉक्टरकीच केली. दाभोलकरांशी जुळणारं आहे म्हणून मुद्दाम लिहिलं. मेडिकल आणि मैदान दोन्ही एकाच वेळी.

अजिंक्यतारा७२:
जयपाल सिंग भारी आहेत. दाभोलकरांनंतर धाग्यातलं सर्वात चांगलं नाव हेच.

चहा_नंतर:
आणि भोगले अर्धे.

आत्याबाई_गोडोली:
काल संध्याकाळी भावाकडे गेले होते. आधी कृष्णाकाठ दादांचं वाचून दाखवलं. भाऊ म्हणाला बघ, मी हेच म्हणत होतो. मग सरांचं वाचलं. तेव्हा काही बोलला नाही. मग दाभोलकरांचं. तो म्हणाला, त्यांचं भाषण मी दोनदा ऐकलंय, एकदा तर पहिल्या रांगेत बसलो होतो, पण कबड्डीचं आजच कळलं. वहिनी आतून म्हणाली, खांदे बघायचे होते की, कळलं असतं.

बूट अजून माळ्यावरच आहेत. पण विभागप्रमुखांना द्यायच्या अर्जावर पालकाची सही लागते, ती त्यानं केली. केमिस्ट्रीचा बॅकलॉग या सत्रात निघाला पाहिजे ही अट घालून. भाचा हो म्हणाला. मी म्हटलं लिहून दे, पोच सही मी करते. झोनलचे सामने पुढच्या गुरुवारी सांगलीला आहेत, पहिला सामना सकाळी नऊला. भावानं मला बाजूला घेऊन विचारलं, पहाटे साताऱ्यातून किती वाजता निघालं तर नऊला पोहोचतं.

कृष्णाकाठ:
साडेपाचला निघा, हायवेचं काही खरं नाही. कुठलं मैदान ते कळवा. मी पतसंस्थेत अर्धी रजा टाकतो आणि चांगली नी कॅप घेऊन येतो. साईज विचारून ठेवा.

खो_खो_वाली:
मीपण येते. भावाला सांगा, कंपाउंडच्या आत येऊन बसायचं.